हाताखाली किमान आठ

"या माणसाच्या हाताखाली फक्त तीन लोक आहेत," लिंडा स्क्रीनवरून म्हणाली. "मग हा मॅनेजर कसा?"

गुडगावात संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि माझा चहा गार झाला होता. लिंडाकडे, म्हणजे आमच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसात, सकाळ होती. आम्हा दोघींसमोर एकच एक्सेल शीट उघडं होतं आणि त्यातली एक ओळ तिने पिवळी केली होती. खुराणा, सीनियर मॅनेजर, ड्रॉइंग चेक, डायरेक्ट रिपोर्ट्स तीन.

"तीन पुरतात," मी म्हटलं. "त्यांचं कामच तसं आहे."

"वंदना, काम कसं आहे हा प्रश्नच नाही. नंबर आठ आहे."

हा आठाचा नंबर कुठून आला ते आधी सांगते.

आमची कंपनी मोठ्या इमारतींना लागणारे पंखे आणि ब्लोअर बनवते. कारखाने परदेशात आहेत. गुडगावात नुसतं ऑफिस आहे. इथे ड्रॉइंग्ज होतात, मशीनबरोबर जाणारी माहितीपुस्तकं लिहिली जातात. मी तिथे एचआर ऑपरेशन्स मॅनेजर होते. एचआर म्हटलं की लोकांना मुलाखती आणि दिवाळीची रांगोळी स्पर्धा एवढंच आठवतं. माझं काम त्याहून कंटाळवाणं होतं. कंपनीचा ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कोणाला रिपोर्ट करतं याचा नकाशा, तो आमच्या ऑफिसपुरता मी सांभाळायचे. हा नकाशा एका सॉफ्टवेअरमध्ये असतो. प्रत्येक माणूस म्हणजे एक चौकोन. चौकोन माउसने धरून एका साहेबाखालून काढायचा आणि दुसऱ्या साहेबाखाली सोडायचा. बदली झाली.

मोठ्या अमेरिकन कंपनीत सगळ्यात वर सीईओ. त्याच्या खाली ज्यांच्या नावात चीफ आहे असे आठदहा जण. मग एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रेसिडेंट, मग सीनियर व्हाइस प्रेसिडेंट, मग साधे व्हाइस प्रेसिडेंट, मग सीनियर डायरेक्टर, डायरेक्टर, सीनियर मॅनेजर, मॅनेजर. या सगळ्यांच्या खाली जे उरतात ते पंखे बनवतात. हे मी पहिल्यांदा पपांना समजावलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले होते. माझे वडील केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले. करोल बागेतल्या जुन्या घरात राहतात, आणि दर रविवारी चर्चमधून आल्यावर आम्ही तिथेच जेवतो.

"एका कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट किती?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे साठसत्तर तरी असतील, पपा."

"अच्छा. अख्ख्या देशाचं एकात भागतं," ते म्हणाले आणि पुन्हा भात कालवायला लागले.

तर या पायऱ्यांना लेयर म्हणतात. सीईओपासून खाली मोजत आलं की तुम्ही कितव्या पायरीवर, तो तुमचा लेयर. आणि एका मॅनेजरच्या हाताखाली थेट किती माणसं, तो त्याचा स्पॅन. दर चारपाच वर्षांनी वरच्या कोणाच्या तरी लक्षात येतं की पायऱ्या फार झाल्या आणि स्पॅन फार लहान झाले. मग सल्लागार येतात, स्लाइड्स होतात, मोहीम निघते. यंदाच्या मोहिमेचं नाव होतं 'फ्लॅट अँड फास्ट'. ती चालवायला एक नवी व्हाइस प्रेसिडेंट नेमली, तिच्या खाली दोन डायरेक्टर आणि एक सीनियर मॅनेजर. ती व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे लिंडा.

नियम सोपा होता. ज्याच्या हाताखाली आठपेक्षा कमी माणसं, तो मॅनेजर राहणार नाही. त्याचं पुढे काय, याला दोन वाटा. पहिली, त्याला इंडिव्हिज्युअल कॉन्ट्रिब्युटर करायचं. म्हणजे पगार तोच, ग्रेड तीच, पण हाताखाली कोणी नाही. आपण बरं आणि आपलं काम बरं. दुसरी वाट, 'रोल एलिमिनेटेड'. म्हणजे माणूस चांगला आहे, पण त्याची खुर्ची नाहीशी झाली आहे, तेव्हा त्यानेही व्हावं.

पहिल्या वाटेसाठी तशी मंजूर जागा लागते. एचआरमध्ये गुडगावात अशी एक जागा रिकामी पडून होती. ड्रॉइंगच्या विभागात एकही नव्हती. इथलं ऑफिस उघडलं तेव्हा कोणीतरी ठरवलं होतं की डोकी तिकडे आहेतच, इथे फक्त हात लागतील. त्यामुळे खुराणाजींना दुसरीच वाट होती. वय पंचावन्न. या वयात गुडगावात कोणी मुलाखतीलासुद्धा बोलवत नाही, हे मी रोज बायोडाटा बघणारी बाई सांगते आहे.

खुराणाजी आणि मी दोघंही फरीदाबादला राहतो. सहा वर्षं मी त्यांच्याच गाडीतून ऑफिसला जाते. पेट्रोल निम्मंनिम्मं, रेडिओ त्यांच्या पसंतीचा. ते आधी फरीदाबादच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आमच्याकडे त्यांचं काम एकच. कारखान्याकडे जाणारं प्रत्येक ड्रॉइंग आधी त्यांच्या टीमच्या लाल पेन्सिलीखालून जायचं. सगळीकडे कंप्युटर आला तरी ते शेवटची तपासणी कागदावर प्रिंट काढूनच करायचे. त्यांच्या जागेमागे भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. 'जिसने बनाया, वो चेक नहीं करेगा.'

एकदा मी त्यांच्या टेबलाशी थांबले होते, तेव्हा ते एका नव्या मुलाचं ड्रॉइंग बघत होते. पंख्याला धरून ठेवणारी एक पट्टी होती, तिला चार भोकं. त्यांनी चौथ्या भोकाभोवती लाल गोल काढला.

"मॅडम, देखिए. तीन होल की नाप बाएँ किनारे से ली है, चौथे की बीच से. हर नाप अपनी जगह सही है. पर पट्टी मशीन पे चढ़ेगी नहीं."

"मग काय करायचं?" मी विचारलं. ते हिंदीत आणि मी मराठीत, असं आमचं कधीकधी गाडीतल्या सवयीने होऊन जायचं.

"सब नाप एक ही जगह से. जहाँ से नापना शुरू करो, उसको डेटम कहते हैं. डेटम बदला, तो काम बिगड़ा."

ती पट्टी तशीच गेली असती तर तिकडे काही हजार पट्ट्या भंगारात गेल्या असत्या. गेल्या नाहीत. म्हणून लिंडाच्या शीटमध्ये त्याची कुठेच नोंद नव्हती. खुराणाजींनी काम नीट केलं की काहीच घडत नाही, आणि जे घडत नाही त्यासाठी एक्सेलमध्ये रकाना नसतो. मला हा माणूस जायला नको होता. ऑफिसचं नुकसान वगैरे ठीक आहे, पण मुळात मला तो जायला नको होता.

मी गाडीत विषय काढून बघितला. त्यांना यादीची गोष्ट सांगायची मला परवानगी नव्हती.

"खुराणाजी, आप की टीम थोड़ी बड़ी कर दें तो?"

"किसलिए?"

"ऐसे ही. वजन बढ़ेगा."

"तीन हैं तो हर एक को पता है कि मैंने नहीं देखा तो गया," ते म्हणाले. "आठ होंगे तो हर एक सोचेगा, बाकी सात ने देख लिया होगा. नहीं मॅडम, तीन बिल्कुल ठीक हैं."

पुढचा पाऊण तास आम्ही रेडिओ ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी मल्होत्राकडे गेले. मल्होत्रा आमचा साइट हेड, म्हणजे गुडगाव ऑफिसचा प्रमुख. वयाने माझ्याएवढाच, बोलायला मोकळा.

"खुराणा को बचाना है," मी म्हटलं.

"बचा लो. कौन मना कर रहा है?"

"पाच माणसं हवीत."

"अरे यार वंदना, असली थोड़े ही चाहिए. कागज पे ही तो है. बाकी सब क्या कर रहे हैं?"

बाकी सगळे तेच करत होते. कंपनीने एक शुक्रवार ठरवला होता. त्या दिवशी संध्याकाळी पाचला चार्टचा स्नॅपशॉट घेणार, म्हणजे जो जिथे उभा असेल तसाच फोटो. त्याआधीच्या दोन आठवड्यांत गुडगावात माणसांची अशी देवाणघेवाण चालली होती, जशी कॉलनीत लग्नाच्या वेळी खुर्च्यांची चालते. एका मॅनेजरने दोन ट्रेनी मोजले होते. दुसऱ्याने राजीनामा देऊन नोटिशीवर असलेला माणूस 'महिनाभर तरी आहेच ना' म्हणून ठेवून घेतला होता. त्यांच्याबद्दल मी काही बोलले नाही. मला माझे पाच हवे होते.

माहितीपुस्तकं लिहिणाऱ्या टीमची मॅनेजर नेहा अरोरा. तिच्याकडे अकरा जण होते. मी तिच्याकडे तीन मागितले.

"ले लो," ती म्हणाली. "पर उनका अप्रेजल मैं नहीं लिखूँगी."

अप्रेजल म्हणजे वर्षाच्या शेवटी प्रत्येकाबद्दल लिहायचा निबंध. नेहाने तीन निबंध वाचवले आणि तिच्याकडे बरोबर आठ उरले. एवढी खूश मी तिला बोनसच्या दिवशीही पाहिली नव्हती.

आणखी दोन हवे होते. सगळ्या टीम मी चाळल्या. कोणाकडेच आठाच्या वर एकही शिल्लक नव्हता. शेवटी मी माझी टीम उघडली. वर ठळक अक्षरांत होतं, 'माय टीम : १०'. दहातून दोन गेले, आठ राहिले. हिशोब इतका नीट बसला की मला देवाचा हात दिसला. माझ्याकडची रितू आणि संजीव, दोघांचे चौकोन मी उचलले आणि खुराणाजींच्या खाली सोडले. कारणाच्या रकान्यात 'फ्लॅट अँड फास्ट' असं लिहिलं. खुराणा, डायरेक्ट रिपोर्ट्स आठ. शुक्रवारचे साडेचार वाजले होते.

त्यांना मी काही दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं. खोट्या मापावर सही करणारा माणूस नव्हे तो.

त्या संध्याकाळी गाडीत मी गुणगुणत होते. "आज बड़ी खुश हैं," ते म्हणाले. मी म्हटलं, "शुक्रवार है." मनातून मात्र मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता. छातीवर बिल्ला लावावा इतका.

मंगळवारी यादी आली. गुडगावात एकच ओळ पिवळी होती. मी ती उघडली ती फक्त खात्री करायला, की तिथे खुराणा नाही. खुराणा नव्हता. लिहिलं होतं, साळवे, वंदना. डायरेक्ट रिपोर्ट्स सात.

मी आधी हसले. सिस्टिमची चूक वाटली. मग मी कागद घेतला आणि माझ्या टीममधली नावं लिहून काढली. सात. पुन्हा लिहिली. सातच. मग स्क्रीनवरचं 'माय टीम' उघडलं आणि चौकोन एकेक करून मोजले. पहिला चौकोन माझा होता. दुसऱ्या मॅनेजरची टीम उघडली की सिस्टिम फक्त खालची माणसं दाखवायची. स्वतःची उघडली की तुमच्यासकट दाखवायची. सहा वर्षं हा स्क्रीन माझ्यासमोर होता. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत दहा जण नदी ओलांडतात आणि मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो. मी त्याच्याही पुढे गेले. मी स्वतःला मोजलं.

लिंडाशी कॉल झाला.

"आधी चांगली बातमी," ती म्हणाली. "खुराणा आठावर आला! बघ, मी म्हणत होते ना, जमतं."

"हो," मी म्हटलं. "माझ्या बाबतीत एकच माणूस कमी पडतोय."

"हो. एक कमी आहे."

"सात आणि आठ यांत फार फरक नाही, लिंडा."

"फरक एकाचा आहे. आणि वंदना, नियम सगळ्यांना सारखा आहे हे इथल्या लोकांना समजावणारी स्लाइड तर तूच केली होतीस. फार छान स्लाइड होती. आम्ही ती ब्राझीललाही पाठवली."

मी मल्होत्राकडे गेले. त्याने यादी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं.

"तीन दिन हैं अपील के लिए," तो म्हणाला. "लिख दो कि गलती से मूव हो गया. रितू वापस ले लो."

"मग खुराणा सातवर येतो."

"तो तुम आठ, वो सात."

"आणि त्याला दुसरी जागा नाही."

"और तुम्हें है," मल्होत्रा म्हणाला. मग त्याने हसू दाबायचं सोडून दिलं आणि खिडकीबाहेर बघितलं. "देख लो. मैं दोनों पे साइन कर दूँगा."

मी त्यागमूर्ती नाही. पुढचे दोन दिवस मी खुराणाजींवर मनातल्या मनात चिडले होते. त्यांच्या रेडिओवर, गाडी सावकाश चालवण्यावर, तीन बिल्कुल ठीक हैं म्हणण्यावर. अकरा वर्षं नोकरी केल्यावर मला मॅनेजर केलं होतं. ज्या दिवशी केलं त्या दिवशी पपांनी गल्लीतल्या चार घरी पेढे दिले होते आणि सगळ्यांना सांगितलं होतं, वंदूच्या हाताखाली सहा माणसं आहेत. पुढे ती नऊ झाली तेव्हा त्यांनी तेही कळवलं होतं. गाडीत खुराणाजींच्या शेजारी बसून मी विचार करायचे, एक माउसची ओढ आहे फक्त. रितूचा चौकोन उचलायचा आणि परत आणायचा. आणि हा माणूस शेजारी गिअर बदलत सांगत असायचा की नव्या पाच जणांना त्याने कसं बसवलं आहे.

कारण कागदावरचे पाच त्यांनी कागदावर राहू दिलेच नव्हते. सोमवारी सकाळीच त्यांनी पाचही जणांना बोलावून एकेक लाल पेन्सिल दिली होती. "मुझे तो पता नहीं ये मेरे पास क्यों भेजे हैं," ते मला म्हणाले, "पर भेजे हैं तो काम सीखेंगे." रितू खरं म्हणजे रजेचे अर्ज बघणारी मुलगी. बुधवारी तिने आमच्या रजेच्या नियमपत्रकाची प्रिंट काढून त्यावर चार लाल गोल काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली. चारही चुका माझ्या होत्या. गुरुवारी अपीलची मुदत संपली. मी काही लिहिलं नाही.

त्या रविवारी करोल बागेत पपांनी वाढता वाढता नेहमीचा प्रश्न विचारला.

"चलो, आता हाताखाली किती?"

"एकही नाही, पपा."

त्यांचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. लिंडा, आठ, खुराणाजी, रितू, संजीव, माझा चौकोन. ते ऐकत राहिले. मला वाटलं आता काही चांगलं बोलतील, त्याग, सेवा, आजच्या प्रवचनातलं काहीतरी. ते म्हणाले, "फाइल पुटअप करायच्या आधी दुसऱ्या कोणाला वाचायला दिली नाहीस?"

"गुप्त होती."

"बेटा, पस्तीस वर्षं मी गुप्त फाइली हाताळल्या. गुप्त फाइलसुद्धा दोघं जण वाचतात." मग त्यांनी माझ्या ताटात आणखी एक मटणाचा तुकडा वाढला. त्यांना वाईट वाटलं होतं. पुढे कित्येक रविवार त्यांनी तो प्रश्न विचारला नाही, आणि तो न विचारला जाणं मला फार लागलं.

माझं नवं पद ठरलं, प्रिन्सिपल पार्टनर, पीपल. पार्टनर कोणाची ते कोणी सांगितलं नाही. माझे उरलेले सात जण माझ्याच ग्रेडच्या इतर मॅनेजरांत वाटले गेले, आणि त्यांचे स्पॅन वाढले म्हणून त्यांचं कौतुक झालं. राहता राहिले मी. मी कोणाला रिपोर्ट करणार? सिस्टिममध्ये यासाठीही नियम होता. बेवारस चौकोन त्याच ऑफिसातल्या, एक ग्रेड वरच्या आणि ज्याच्या टीममध्ये आधीच त्या विभागाची माणसं आहेत अशा मॅनेजरखाली आपोआप जातो. एचआरची माणसं ज्याच्या टीममध्ये आहेत असा सीनियर मॅनेजर गुडगावात एकच होता. त्याच्याकडे एचआरची माणसं मीच पाठवली होती.

खुराणाजींना मेल गेला, 'अभिनंदन, तुमच्या टीममध्ये नवी व्यक्ती सामील झाली आहे.' अर्ध्या तासात ते माझ्या टेबलाशी आले. हातात ऑर्ग चार्टची प्रिंट होती. मोठ्या कागदावर काढलेली, नीट घडी घातलेली.

"मॅडम, ये क्या है?"

"फ्लॅट अँड फास्ट," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. मग मला सगळं सांगावं लागलं. त्यांचं नाव यादीत होतं इथपासून. ते मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, प्रिंट टेबलावर पसरली आणि बोट ठेवत मोजायला लागले. नेहाची टीम. त्यांची टीम. बाकीच्या टीम. मग त्यांनी माझ्या जुन्या टीमची शुक्रवारची प्रिंट माझ्याकडून मागून घेतली. तिच्या वरच्या कोपऱ्यात दहाचा आकडा होता. त्यांनी त्याच्याभोवती लाल गोल काढला.

"सबकी नाप डब्बे के नीचे से ली आपने," ते म्हणाले. "अपनी, डब्बे के ऊपर से. मॅडम, आपने डेटम बदल दिया."

सगळी गोष्ट सांगितल्यापासून त्यांना दोन मिनिटंही लागली नव्हती.

"मुझे दिखाया क्यों नहीं?"

"दाखवलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हाँ, मना कर देता," खुराणाजी म्हणाले. "पर गलती बता के मना करता."  त्यांनी चार्ट पुन्हा घडी घालून खिशात ठेवला आणि ते उठले. दरवाज्यापर्यंत जाऊन परत आले. "छह बजे नीचे," म्हणाले. रोज म्हणतात तसं.

या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. लिंडाची मोहीम यशस्वी झाली आणि तिला बढती मिळाली. तिच्या जागी आलेल्या माणसाचं म्हणणं आहे की आठ जणांकडे कोणाचंच नीट लक्ष राहत नाही, आदर्श स्पॅन पाचाचा असावा. त्याची स्लाइड मी बघितली आहे. चांगली आहे.

माझ्या हाताखाली कोणी नाही. कोणाचं अप्रेजल लिहायचं नसतं, कोणाची रजा मंजूर करायची नसते, दोन माणसांचं भांडण सोडवायचं नसतं. मॅनेजर असताना जे काम करायला वेळ मिळायचा नाही, ते आता दुपारपर्यंत होतं. तरी कार्डावरचं जुनं पद आठवलं की अजून थोडं दुखतं, हे खोटं कशाला सांगू? पपांनी गेल्या महिन्यात पुन्हा प्रश्न विचारला, पण बदलून. "वंदू, तुझ्यावर कोण आहे आता?" मी नाव सांगितलं. "हां, खुराणा. चांगला माणूस आहे," ते म्हणाले. शेजारच्या घरी त्यांनी तेही कळवलं असावं.

माझं पहिलं अप्रेजल खुराणाजींनी हाताने लिहिलं आणि मग रितूकडून टाइप करून घेतलं. सुधारणेला वाव, या रकान्यात एकच ओळ आहे. 'स्वतः केलेलं काम स्वतः तपासू नये.' मी आता तपासत नाही. वर जाणारा माझा प्रत्येक चार्ट आधी त्यांच्या टेबलावर जातो. त्याला ते दोन मिनिटं घेतात. माझ्या रजेच्या अर्जाला मात्र एक आठवडा लागतो, कारण मंजूर करण्याआधी ते रोज गाडीत विचारतात, "मॅडम, ये अप्रूव्ह कर दूँ ना?" आणि मी रोज सांगते, तो निर्णय तुमचा आहे.